फुगा, जाळी आणि पाय : हृदयाबाहेरच्या रक्तवाहिन्यांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील हृदयाच्या अँजिओप्लास्टीवरील, म्हणजे फुग्याने धमनी रुंद करण्यावरील, लेखानंतर जी पत्रे आली, त्यांतील बऱ्याच पत्रांत हृदयाचा प्रश्नच नव्हता. कुणाची मांडीतील धमनी बंद, कुणाच्या पोटातील महाधमनी फुगलेली, कुणाच्या मानेतील धमनीत चरबीचा थर, तर कुणाच्या पायांवर निळ्या शिरांचे जाळे. या सर्वांवर आज जांघेतील किंवा हातातील एका लहानशा छिद्रातून उपचार करता येतात, हे खरे आहे. पण करता येतात म्हणून ते करावेत का, हा प्रश्न निराळा आहे आणि बहुतेक पत्रांच्या मुळाशी तोच आहे. रिपोर्टमध्ये ‘पूर्ण बंद’ हे दोन शब्द दिसले की घरातल्या सर्वांचा धीर सुटतो, हे मी रोज पाहतो. म्हणून उत्तरे देताना चित्रात काय दिसते यापेक्षा त्या वाहिनीच्या पुढे असलेल्या अवयवाचे काय चालले आहे, याकडे मी अधिक लक्ष दिले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझे यजमान ६४ वर्षांचे आहेत. चार-पाचशे पावले चालले की त्यांची उजवी पोटरी दगडासारखी होते. थांबले की दोन-तीन मिनिटांत दुखणे जाते. डॉप्लर तपासणीत मांडीतील धमनी पूर्ण बंद असल्याचे आढळले. एका डॉक्टरांनी लगेच अँजिओप्लास्टी करायला सांगितली, दुसऱ्यांनी ‘रोज चाला’ एवढेच सांगितले. आम्ही कुणाचे ऐकावे? नस बंदच राहिली तर पाय कापावा लागेल का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती डॉप्लरच्या रिपोर्टमध्ये नाही, ‘थांबले की दोन-तीन मिनिटांत दुखणे जाते’ या आपल्या वाक्यात ती आहे. धमनी वर्षानुवर्षे हळूहळू अरुंद होत जाते, तेव्हा आजूबाजूच्या बारीक फांद्या रुंद होत जातात आणि बंद पडलेल्या भागाला वळसा घालून गुडघ्याखाली रक्त पोहोचवू लागतात. बसल्या जागी पोटरीला जेवढे रक्त लागते, तेवढे या आडवाटेने पुरते; चालू लागल्यावर मात्र स्नायूंची मागणी कित्येक पटींनी वाढते, आडवाट अपुरी पडते आणि पोटरी भरून येते. म्हणजे मुख्य रस्ता बंद असला तरी पाय उपाशी नाही, फक्त त्याची धावपळ करण्याची ऐपत कमी झाली आहे. अशा रुग्णांपैकी पुढे पाय गमवावा लागणारे शंभरात मोजकेच असतात. मधुमेह असलेल्यांत आणि तंबाखू न सोडणाऱ्यांत हे प्रमाण वाढते.

आडवाट किती समर्थ आहे हे पाहण्याची एक साधी तपासणी आहे. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. दंडावर १५० आणि घोट्यावर ९० आला, तर गुणोत्तर ०.६ होते. ०.९ किंवा त्याहून कमी आकडा धमनी अरुंद असल्याचे सांगतो आणि तो जितका खाली जातो तितकी काळजी वाढते. यजमानांची ही तपासणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्या. तिला ना सुई लागते ना औषध.

‘रोज चाला’ हा सल्ला ऐकायला टाळाटाळीसारखा वाटतो, हे मला मान्य आहे, आणि तो ज्या पद्धतीने दरवाजात उभे राहून दिला जातो त्यामुळे तर तसाच वाटतो. प्रत्यक्षात तो औषधाच्या मात्रेसारखा मोजून द्यायचा उपचार आहे. दुखू लागेपर्यंत चालायचे, दुखणे बऱ्यापैकी वाढले की थांबायचे, ते पूर्ण ओसरले की पुन्हा निघायचे. असे थांबत-चालत एकूण ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीन दिवस आणि किमान १२ आठवडे. दुखू नये म्हणून हळू किंवा थोडेच चालणारा माणूस मनापासून प्रयत्न करत असतो, पण त्याला फायदा कमी होतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्लेव्हर’ या अभ्यासात कंबरेच्या पातळीवरच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णांची तुलना केली गेली. त्यात सहा महिन्यांनंतर ट्रेडमिलवर सर्वाधिक वेळ चालू शकले ते देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम केलेले रुग्ण. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, घातलेले रुग्ण त्यांच्या मागे होते.

घाईने अँजिओप्लास्टी करू नये असे मी म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे, जे सल्ला देताना सांगितले जातेच असे नाही. मांडीतील धमनी लांब असते, चालताना वाकते, पिळली जाते, आणि फुगवून उघडलेला तिचा भाग वर्ष-दोन वर्षांत पुन्हा अरुंद होणे ही दुर्मिळ गोष्ट नाही. तेथे घातलेला स्टेंट पुढे बंद पडला, तर कधी कधी तो त्या आडवाटांची तोंडेही सोबत बंद करतो. मग पाचशे पावले चालणारा माणूस पन्नास पावलांवर येतो. तीन महिने प्रामाणिकपणे चालूनही यजमानांना आपले काम करता येत नसेल, किंवा त्यांचे जगणेच आखडले असेल, तर अँजिओप्लास्टीचा विचार जरूर करावा. तेव्हा ती त्यांच्या उपयोगाची असेल.

तोवर ज्या गोष्टीकडे दोन्ही डॉक्टरांनी लक्ष वेधायला हवे होते ती अशी की, पायाची धमनी बंद असलेल्या माणसाला खरा धोका हृदयविकाराच्या झटक्याचा आणि पक्षाघाताचा असतो. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, गुठळी न होऊ देणारी गोळी, रक्तदाबावर आणि साखरेवर नियंत्रण, आणि धूम्रपान असेल तर ते पूर्ण बंद, हे उपचार पायाचे नाव घेऊन सुरू होतात, पण जीव वाचवतात.

प्रश्न : हृदयासाठी निघालेली फुग्याची पद्धत आता पायालाही वापरू लागले आहेत, असे ऐकले. आत नेमके काय करतात? साचलेली चरबी बाहेर काढतात का? रुग्ण जागा असतो का?

उत्तर : क्रम उलटा आहे. ही पद्धत आधी पायासाठी निघाली आणि मग हृदयाकडे गेली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतील अरुंद झालेली धमनी, आतून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून रुंद केली. त्यांच्या डाव्या पायाची बोटे काळी पडली होती, जखम भरत नव्हती, शल्यचिकित्सकांनी पाय कापायला सांगितला होता आणि बाईंनी त्याला साफ नकार दिला होता. पाय गरम झाला, जखम भरली, आणि पुढे सुमारे अडीच वर्षांनी अन्य आजाराने त्या वारल्या तोपर्यंत त्या स्वतःच्या पायांनी चालत होत्या. त्यानंतर दहा वर्षांनी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जाड नळ्यांच्या जागी फुगा आणला. तोही १९७४ साली पहिल्यांदा पायाच्याच धमनीत वापरला गेला आणि हृदयात तो १९७७ मध्ये गेला.

आता आत काय घडते ते सांगतो. रुग्ण जागा असतो. फक्त जांघेतील जागा इंजेक्शनाने बधिर करतात. धमनीत सुई घालायची (आज ती सोनोग्राफीत पाहून घालतात), सुईतून तार सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत न्यायची, ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही जवळजवळ प्रत्येक प्रक्रिया तिच्यावर उभी आहे. जांघेत बसवलेली आखूड नळी साधारण दोन-अडीच मिलिमीटर जाडीची असते. तिच्यातून रंगद्रव्य सोडले की पायात ऊन पाणी ओतल्यासारखे वाटते आणि पडद्यावर धमन्यांचे झाड क्षणभर काळे उमटून जाते.

त्यानंतरचे काम बोटांचे आहे. तारेचे टोक मऊ आणि किंचित वळलेले असते आणि तिची जाडी एक मिलिमीटरहून कमी असते. बंद जागेपाशी आल्यावर तार पुढे ढकलायची नसते. बोटांच्या चिमटीत ती फिरवत राहायचे आणि टोक कुठे शिरू पाहते ते बघायचे. कधी ती पाच मिनिटांत पलीकडे जाते. कधी तासभर तोच तो दोन सेंटिमीटरचा टप्पा अडवून धरतो, तारेचा वळसा होऊन ती भिंतीच्या थरांमधून जाते आणि मग पुढे खऱ्या पोकळीत पुन्हा प्रवेश मिळवावा लागतो. ती पलीकडे मोकळी फिरू लागली की खोलीतील सगळ्यांचे खांदे सैल पडतात, कारण उरलेले काम त्यामानाने सोपे असते. तारेवरून फुगा नेतात आणि त्यात रंगद्रव्य मिसळलेले पाणी भरून तो सहा ते बारा वातावरण दाबापर्यंत फुगवतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन वातावरण असते, यावरून कल्पना यावी. फुगा फुगलेला असताना पाय दुखतो. दुखणे सहन होत असेल तर चालते. एकदम असह्य झाले तर फुगा आम्ही लगेच उतरवतो, कारण धमनी आपल्या मर्यादेपलीकडे ताणली जात असल्याची ती सूचना असू शकते.

चरबी बाहेर काढली जात नाही. फुगा तिला तडा देतो, भिंतीकडे दाबतो आणि भिंतही ताणून रुंद करतो. म्हणजे ही एक बेतशीर इजा आहे आणि शरीर ती भरून काढताना कधी कधी अति भरते, म्हणूनच धमनी पुन्हा अरुंद होते. थर खरवडून काढणारी आणि कॅल्शियमचे कवच ध्वनिलहरींनी तडकवणारी साधनेही आहेत, पण ती निवडक ठिकाणी वापरायची असतात.

प्रश्न : आईला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. अंगठ्याशेजारचे बोट काळे पडले आहे, पण तिला दुखत नाही. रात्री ती पाय पलंगाखाली लोंबत ठेवून झोपते. घोट्याच्या रक्तदाबाचे गुणोत्तर १.४ आले, म्हणून रक्तपुरवठा उत्तम आहे असे आम्हाला सांगितले गेले. ड्रेसिंग करत राहावे का?

उत्तर : नाही. हे पत्र संपादकांनी मला छापण्याआधीच पाठवले आणि मी या वाचकांना थेट कळवले आहे. इतरांसाठी येथे सविस्तर लिहितो.

दुखत नाही, याचा अर्थ बरे आहे असा मधुमेहात घेता येत नाही. मज्जातंतूंची संवेदनाच गेलेली असते. पाय लोंबत ठेवून झोपणे ही सवय नाही. आडवे झाल्यावर पावलापर्यंत रक्त पोहोचत नाही, पाय खाली सोडला की गुरुत्वाकर्षण थोडी मदत करते, आणि रुग्ण झोपेतच हा उपाय शोधून काढतो. आणि १.४ हा आकडा उत्तम नसून फसवा आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्टा कितीही आवळला तरी त्या दबत नाहीत आणि यंत्र जो दाब दाखवते तो रक्ताचा नसून त्या कडकपणाचा असतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजतात, कारण बोटांतील बारीक धमन्यांवर हा परिणाम कमी होतो. आईंना आठवड्याभरानंतर नव्हे, तर आत्ताच, रक्तवाहिन्यांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे न्यायला हवे.

पहिल्या प्रश्नात मी थांबा म्हटले आणि येथे धावा म्हणतो, कारण तेथे पाय चालताना उपाशी होता, येथे तो झोपेतही उपाशी आहे. चालण्याला जेवढे रक्त लागते त्याहून जखम भरायला वेगळ्या प्रकारे जास्त लागते: दिवसरात्र, न थांबता, थेट त्या बोटापर्यंत. मधुमेहात अडथळे बहुधा गुडघ्याखालच्या तीन धमन्यांत असतात, ज्यांची रुंदी दोन ते साडेतीन मिलिमीटर असते. त्यांत बारीक आणि लांब फुगे वापरतात. ही धमनी सहा महिन्यांनी पुन्हा अरुंद होऊ शकते, हे आम्हाला माहीत असते. पण तेवढ्या अवधीत जखम भरून आली तर त्वचा शाबूत असलेल्या पायाला पुन्हा कमी रक्त पुरते. येथे फुग्याने वेळ विकत घ्यायचा असतो आणि तो व्यवहार फायद्याचा ठरतो.

फुगा की बायपास (शीर जोडून अडथळ्याला वळसा घालणारी शस्त्रक्रिया), यावर दोन मोठे अभ्यास अलीकडे झाले आणि त्यांची उत्तरे वरवर परस्परविरोधी दिसतात. २०२२ च्या ‘बेस्ट-सीएलआय’ अभ्यासात ज्यांच्या पायातील एक सलग, चांगली शीर बायपाससाठी उपलब्ध होती, त्यांना आधी बायपास केल्याने पायाच्या दृष्टीने अधिक लाभ झाला. अशी शीर नसलेल्यांत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. २०२३ च्या ‘बेसिल-२’ अभ्यासात, गुडघ्याखालच्या धमन्यांवर उपचार लागणाऱ्या रुग्णांत, आधी फुग्याचा मार्ग घेतलेल्या गटात पाय शाबूत ठेवून जगणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते, आणि त्यामागचे मुख्य कारण त्या गटात मृत्यू कमी झाले हे होते. माझ्या मते दोन्हींचा मेळ असा बसतो की शीर चांगली, हृदय धडधाकट आणि अडथळा लांब असेल, तर बायपासचे नाव घ्यायला कचरू नये. माणूस वयस्क आणि अनेक आजारांनी थकलेला असेल, तर फुगा आधी. जो तज्ज्ञ यांतील एकच पर्याय सांगतो, त्याला दुसऱ्याविषयी आवर्जून विचारा. आणि रक्तपुरवठा तपासल्याशिवाय बोट किंवा पाऊल कापायला संमती देऊ नका. रक्त न आणता कापलेली जखम स्वतःही भरत नाही आणि मग कापण्याची रेषा वरवर सरकत जाते. याला अपवाद एकच, तो म्हणजे पू होऊन जंतुसंसर्ग अंगात पसरत असेल तर. मग तो निचरा आधी.

प्रश्न : पायात घातलेली जाळी मोडते का? औषध लावलेल्या फुग्यांमुळे मृत्यू वाढतात असे वाचले, ते खरे का? एमआरआय चालतो का?

उत्तर : मांडीत बसवतात ती जाळी निकेल आणि टायटॅनियम यांच्या नायटिनॉल या मिश्रधातूची असते. दाबली तरी ती मूळ आकारात परत येते, म्हणून ती पायाला मानवते. तरीही गुडघ्याच्या मागे, जेथे धमनी दिवसातून हजारो वेळा दुमडते, तेथे जाळी मोडण्याचा संभव असतो आणि तेथे ती शक्यतो टाळतात. एमआरआय सर्वसाधारणपणे चालतो. जाळीचे कार्ड मात्र जपून ठेवा आणि तपासणीआधी दाखवा.

औषधी फुग्यांवर पॅक्लिटॅक्सेल हे औषध असते, जे भिंतीची अति भरून येण्याची प्रवृत्ती रोखते. डिसेंबर २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात या रुग्णांत काही वर्षांनी मृत्यू जास्त दिसले, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये डॉक्टरांना सावध केले. त्यानंतर अधिक रुग्णांची अधिक काळाची माहिती गोळा झाली, आणि जुलै २०२३ मध्ये त्याच प्रशासनाने उपलब्ध माहितीवरून मृत्यूचा वाढीव धोका दिसत नाही असे जाहीर केले. आपण वाचले ते त्या मधल्या काळातील असावे.

प्रश्न : सोनोग्राफीत वडिलांच्या पोटातील महाधमनी ४.३ सेंटिमीटर फुगलेली आढळली. त्यांना काहीच त्रास नाही. फुटण्याआधीच नळी बसवून घ्यावी असे आम्हा भावंडांचे मत आहे.

उत्तर : आपली भीती समजू शकतो, कारण फुटलेली महाधमनी बहुतेकांचा जीव घेते. पण फुटण्याचा धोका रुंदीबरोबर चढतो आणि ४.३ सेंटिमीटरला तो इतका कमी असतो की उपचाराचा धोका त्याहून मोठा ठरतो. पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत साधारण ५ सेंटिमीटरपर्यंत ठरावीक अंतराने सोनोग्राफी करत राहणे, हेच योग्य मानले जाते. फुगवटा झपाट्याने वाढला किंवा पोटात-पाठीत दुखू लागले, तर मात्र हा हिशेब बदलतो.

जांघेतून घडी घातलेली, कापडाचे अस्तर असलेली जाळी नेऊन ती महाधमनीत उघडायची, हे अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्वेनोस आइरेस येथे केले. तोपर्यंत पोट उघडल्याशिवाय इलाज नव्हता. आज रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो, पण एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात आणून द्यावी लागते: पोट उघडून शिवलेली नळी बहुधा आयुष्यभराची सोय असते, आतून बसवलेल्या नळीला आयुष्यभर पाहावे लागते. तिच्या कडेने किंवा एखाद्या मागच्या फांदीतून फुगवट्यात रक्त झिरपू शकते आणि ते रुग्णाला कळत नाही. वडील वर्षानुवर्षे तपासणीला येणार नसतील, तर हे आधीच सांगा; शस्त्रक्रियेची निवड त्यावरूनही बदलते. सध्या धूम्रपान बंद आणि रक्तदाब आटोक्यात, एवढे पाहा.

प्रश्न : चक्कर येते म्हणून मानेची डॉप्लर केली. डावी धमनी ६० टक्के अरुंद निघाली. स्टेंट बसवावा का?

उत्तर : नुसती चक्कर मानेच्या पुढच्या धमनीमुळे सहसा येत नाही, कान, रक्तदाब आणि औषधे आधी तपासा. या धमनीची लक्षणे म्हणजे एका बाजूच्या हातापायातील शक्ती अचानक जाणे, बोलणे अडखळणे, किंवा एका डोळ्यावर पडदा पडल्यासारखे होऊन काही मिनिटांनी पुन्हा दिसू लागणे. असे काही घडले असेल, तर दोन आठवड्यांच्या आत धमनी मोकळी करण्याचा लाभ मोठा असतो. घडले नसेल, तर ६० टक्क्यांना स्टॅटिन आणि रक्तदाबाचे औषध बहुधा पुरते. मानेतील स्टेंट आणि मानेवर छेद देऊन धमनी साफ करण्याची शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या २०१० च्या ‘क्रेस्ट’ अभ्यासात स्टेंटनंतर पक्षाघात आणि शस्त्रक्रियेनंतर हृदयाचा झटका अधिक आढळला, आणि सत्तरीपुढे शस्त्रक्रियेचे पारडे जड राहिले.

प्रश्न : पायाच्या फुगलेल्या शिरा लेझरने बंद करतात म्हणे. शीर बंद केली तर रक्त वर जाणार कसे?

उत्तर : प्रश्न अगदी रास्त आहे. पायातील अशुद्ध रक्त प्रामुख्याने स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून वर जाते; त्वचेखालच्या शिरांचा वाटा लहान असतो. त्यांच्या झडपा निकामी झाल्या की रक्त वर जाण्याऐवजी त्यांतून खाली घसरते. अशी शीर बंद केल्याने रस्ता बंद होत नाही, गळती बंद होते. म्हणूनच खोल शिरा मोकळ्या आहेत हे सोनोग्राफीने आधी पाहावे लागते. त्या जुन्या गुठळीने बंद असतील, तर वरची शीरच आधार असू शकते.

गुडघ्याजवळ सुई घालून शिरेत तंतू सरकवतात, शिरेभोवती बधिर करणारे औषध मिसळलेले थंड सलाईन भरतात, ज्यामुळे आजूबाजूची त्वचा आणि मज्जातंतू भाजत नाहीत, आणि तंतू मागे ओढत आतून उष्णता देतात. लेझरऐवजी रेडिओलहरी वापरणाऱ्या साधनात हे तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस असते. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. एक सावधगिरी: नंतर घट्ट मोजे घालायला देतात, पण ज्यांच्या पायाची धमनीही अरुंद आहे त्यांना ते अपायकारक ठरू शकतात. मोजे घेण्याआधी पावलाची नाडी तपासून घ्या.

प्रश्न : माझे मूत्रपिंड कमजोर आहे. रंगद्रव्य देणे सुरक्षित आहे का? मेटफॉर्मिन बंद करावे का?

उत्तर : क्रिएटिनिनवरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळणीचा दर (रिपोर्टमधील ‘ईजीएफआर’) ३० च्या खाली असेल, तर काळजी अधिक घ्यावी लागते. पुरेसे पाणी किंवा सलाईन, कमीत कमी रंगद्रव्य, आणि पोटाच्या व पायाच्या धमन्यांसाठी त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू, हे पर्याय आहेत. हा वायू छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या वरच्या धमन्यांत वापरत नाहीत, कारण तो मेंदूत जाऊ शकतो. दर ३० च्या खाली असलेल्यांना मेटफॉर्मिन थांबवून ४८ तासांनी मूत्रपिंडाची तपासणी करूनच पुन्हा सुरू करायला सांगतात. आपला आकडा आणि आपल्या गोळ्यांची यादी प्रक्रियेच्या आधी दाखवा, टेबलावर झोपल्यावर नको.

प्रश्न : सासऱ्यांच्या पायाची अँजिओप्लास्टी होऊन ते उद्या घरी येत आहेत. घरी कशाकडे लक्ष ठेवावे?

उत्तर : छिद्र लहान असले तरी ते धमनीला पडलेले असते. माझ्या एका रुग्णाने घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी पाण्याची भरलेली बादली उचलली आणि तासाभरात जांघेत लिंबाएवढी गाठ आली. दाबून धरून ती आटोक्यात आली, पण त्यांना पुन्हा तीन दिवस रुग्णालयात काढावे लागले. म्हणून आठवडाभर जड उचलणे, उकिडवे बसणे आणि शौचाला जोर करणे टाळावे. जांघेत थोडा निळा डाग पसरला तर चालेल. वाढती गाठ, हाताला जाणवणारी धडधड, किंवा पाठीत-ओटीपोटात दुखून चेहरा पांढराफटक पडणे चालणार नाही. रक्तस्राव दिसला तर सासऱ्यांना आडवे करा, कापडाची घडी ठेवून तळहाताने सलग दाबून धरा, आणि थांबला का हे बघायला मधे मधे हात उचलू नका. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला रुग्णवाहिका बोलवायला सांगा.

रक्त पातळ ठेवणारी गोळी कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका, दाताच्या डॉक्टरांच्याही नाही. आधी ज्यांनी अँजिओप्लास्टी केली त्यांना विचारा. जाळी बंद पडण्यामागे चुकलेल्या गोळ्या असल्याचे मला वारंवार आढळते.

आणि रोज रात्री दोन्ही पावलांना हात लावून पाहा. पाय अचानक गार, पांढरा आणि दुखरा झाला, बोटे बधिर झाली किंवा हलेनाशी झाली, तर ती नवी गुठळी समजा. येथे आडवाटा तयार व्हायला वेळ मिळालेला नसतो आणि स्नायू साधारण सहा तासांत मरू लागतात. पाय शेकू नका, चोळू नका, उंचावर ठेवू नका, सकाळची वाट पाहू नका. डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची पिशवी दाराशीच ठेवलेली असू द्या, आणि जेथे रात्रीही गुठळी काढण्याची सोय आहे अशा रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक सासरे घरी येण्याआधी, आजच, लिहून भिंतीवर लावा.